शेपटी बाहेर

डावा कान तपासून झाला आणि मी उजव्याला सुरुवात केली, तोवरही त्या बाई कोण हे मला कळलं नव्हतं. आमच्या कामात माणूस आधी आलेख म्हणून भेटतो, मग नाव, मग चेहरा. काचेच्या पलीकडे, आवाज शोषणाऱ्या जाड भिंतींच्या त्या लहानशा खोलीत एक म्हातारी ताठ बसली होती. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, नाही आला तर नाही दाबायचं, एवढाच खेळ. बहुतेक म्हातारी माणसं यात लबाडी करतात. काही ऐकू आलेलं नसतं, पण नापास होऊ नये म्हणून अंदाजाने दाबत राहतात. या बाई एकदाही अंदाजाने दाबत नव्हत्या. आवाज आला की लगेच दिवा लागायचा, नाही तर त्या शांतपणे समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या, जणू पलीकडच्यानेच काय ते बोलावं. खालच्या पट्टीतले आवाज बरे होते, वरच्या पट्टीतले जवळजवळ गेलेले. कागदावरची रेघ उतरत गेली. मी दार उघडून झालं म्हणालो. त्या बाहेर आल्या, पर्समधून चष्मा काढून चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, जाडा झालास रे."

सव्वीस वर्षांत मला कुणी मास्तर म्हटलेलं नाही. बायको नावाने हाक मारते, दवाखान्यात मी सर आहे, मुलगी हल्ली हाकच मारत नाही. मास्तर हे नाव मला काडीने ठेवलं होतं, कारण आमच्या बँडच्या चौघांत संगीत शिकलेला मी एकटा. आठ वर्षं शिकलेला, परीक्षा दिलेला, सूर किती केसांनी उतरला हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा. काडी काहीच शिकलेला नव्हता. तो काडीसारखा बारीक होता म्हणून काडी, आणि जिथे जाईल तिथे आग लावून यायचा म्हणूनही. ही त्याची आई. मी खुर्ची पुढे केली, काकू बसा म्हणालो, आणि मला आनंद झाला असं काही मी म्हणणार नाही. या बाईच्या घरी मी शंभर वेळा जेवलोय. तरी पहिला विचार आला तो असा, की आता ही काडीबद्दल बोलणार.

लोक दुसरं बोलतात काय? आमच्या बँडचं नाव 'दुपारची झोप'. एकोणीस महिने चालला. अकरा कार्यक्रम, एक रेकॉर्ड, त्यातही एका बाजूला चारच गाणी. बेसवाला दर दोन महिन्यांनी बदलायचा, त्यामुळे खरे आम्ही तिघंच: काडी गाणं आणि गिटार, ढोल्या ड्रमवर, आणि मी ऑर्गनवर. आम्ही वाजवायचो त्याला तेव्हा कुणी काही नाव दिलं नव्हतं. लोक म्हणायचे, तापात पडल्यासारखं वाटतं. एका कार्यक्रमाला समोर चौदा माणसं होती आणि त्यातली तीन ढोल्याच्या घरची. मग काडी गेला. सव्विसाव्या वर्षी, अपेंडिक्स फुटून, कारण पोटात दुखतंय हे त्याने चार दिवस अंगावर काढलं. बँड तिथेच संपला. आणि आठ-दहा वर्षांनी कुणाला तरी ती रेकॉर्ड कुठल्या तरी अडगळीत सापडली, त्याने ती दुसऱ्याला ऐकवली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि बघता बघता 'दुपारची झोप' ही एक भानगड झाली. पोरं त्या नावाचे शर्ट घालतात. आमची गाणी आमच्यापेक्षा नीट वाजवणारे बँड निघालेत. माझ्या मुलीच्या खोलीत काडीचा फोटो आहे, धुरकट, अर्धा चेहरा अंधारात. तो अर्धा चेहरा कुणाच्या सावलीत आहे? माझ्या. मी त्याच्या शेजारी उभा होतो, फोटो तिथे कापलाय. मी मुलीला एकदा हे सांगितलं. ती म्हणाली, हो का, आणि परत फोनमध्ये बघायला लागली.

मी जळतो. हे एकदा स्पष्ट सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे चोरून सांगायला नको. मेलेल्या माणसावर जळतो. तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता आणि तो गेला तेव्हा मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि तरीही जळतो. जिवंत होता तेव्हा निदान त्याचं काही चुकायचं तरी. आता तो चुकतच नाही. माझे केस गेले, पोट सुटलं, मी दिवसभर लोकांच्या कानांतला मळ बघतो, आणि तो आहे तिथेच आहे. बायको एकदा वैतागून म्हणाली होती, तुझ्या नि त्याच्या भांडणाचा आता निकाल लागायचा नाही, त्याच्याकडून कुणी बोलायलाच येणार नाही. खरं तर ती स्वतः पहिल्यांदा आमच्या कार्यक्रमाला आली ती त्यालाच बघायला. कार्यक्रमानंतर तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत उभा होता म्हणून ती माझ्याशी बोलली. ही गोष्ट ती हसत हसत पाहुण्यांना सांगते, आणि मीही हसतो.

काकूंना त्यांच्या कानांचं सांगितलं. यंत्र लागेल, दोन्ही कानांना, आठ दिवसांत तयार होईल. त्या म्हणाल्या, तीस वर्षं टेलिफोन खात्यात कानाला हेडफोन लावून बसले, कान गेले तर नवल काय. काडी सांगायचा, आई दिवसभर लोकांना एकच विचारते, ऐकू येतंय का. मग त्यांनी पर्समधून एक कॅसेट काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. काम हे होतं. कान नंतर.

एक कंपनी 'दुपारची झोप' नव्याने काढतेय, मोठ्या पेटीत, पुस्तिकेसकट, हे मला ढोल्याने फोनवर सांगितलं होतं. त्यांनी काकूंना पत्र पाठवलं होतं की घरात काही न छापलेलं गाणं पडलं असेल तर द्या, महिनाअखेरपर्यंत. काकूंच्या कपाटात ही एकच कॅसेट होती. काडी खोलीवरून घरी येताना त्या दिवसाचं काम कॅसेटवर उतरवून आणायचा आणि आईला ऐकवायचा. बाकीच्या कॅसेटींवर त्याने पुन्हापुन्हा दुसरं भरलं. ही राहिली, कारण काकूंनीच ती बाजूला ठेवली. "पण आता मला यातलं काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं गुणगुण गुणगुण ऐकू येतं. तू ऐक. चांगलं असेल तरच देईन. नसेल तर राहू दे माझ्यापाशी. तो गेल्यावर लोकांनी त्याला हसायला नको. तुझ्या कानावर त्याचा फार भरवसा होता, म्हणून तुझ्याकडे आले."

कॅसेटच्या कडेला त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: सावकाश, पूर्ण.

मी ते दोन शब्द दोनदा वाचले. कारण 'सावकाश' पूर्ण असं काही जगात नव्हतं. ते मीच संपवलं होतं.

ज्यांनी ते गाणं ऐकलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: 'सावकाश' हे आमच्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं. काडी एकच ओळ म्हणत राहतो, सावकाश उतर, पायरी ओली आहे, आणि मधोमध, पायरी या शब्दावरच, त्याचा आवाज तुटतो. तुटतो म्हणजे कापल्यासारखा. त्या जागी एक ऑर्गन येतो, पण उलटा. उलटा म्हणजे सूर आधी मरतो आणि मग जन्मतो, लांबून ओढत, फुगत येतो आणि ऐन भरात असताना गप्प होतो. दोन मिनिटं दहा सेकंद तो ऑर्गन चालतो आणि गाणं संपतं, आवाज परत येतच नाही. या दोन मिनिटं दहा सेकंदांवर लोकांनी काय काय लिहिलंय. सगळ्यांचं एकच मत, की काडीला आपलं मरण दिसलं होतं आणि त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा आवाज पुसला. एकाने तर ते गाणं लावून आपल्या बापाला अग्नी दिला असं लिहिलंय. अपेंडिक्सबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

तो ऑर्गन मी वाजवलाय. पुसलंही मीच.

आमची खोली एका सुताराच्या दुकानामागे होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरता येणारं टेपयंत्र, रीळवालं. काडी दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही, पण रेडिओवरच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने त्याला एक गोष्ट शिकवली होती आणि ती तो धर्मासारखी पाळायचा: काम झालं की रीळ परत गुंडाळायचं नाही, गाण्याचा शेवट बाहेरच्या अंगाला ठेवूनच डब्यात घालायचं. टेप जास्त टिकते म्हणे. डब्यावर तो लाल पेनने लिहायचा, शेपटी बाहेर. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जो येईल त्याने आधी सगळं रीळ गुंडाळून सुरुवातीला आणायचं आणि मग वाजवायचं. न गुंडाळता तसंच डावीकडे चढवलं, तर गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतं. आणि ट्रॅकही वरचे खाली होतात, म्हणजे चौथ्याच्या जागी पहिला येतो. असा घोटाळा आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी व्हायचा. ऐकताना झाला तर आम्ही हसायचो. रेकॉर्ड करताना झाला तर मात्र सत्यानाश, कारण तुम्ही समजता मोकळ्या चौथ्या ट्रॅकवर भरतोय, आणि भरत असता पहिल्यावर. पहिल्यावर नेहमी काडीचा आवाज असायचा.

त्या दिवशी दुपारी तीनला मी एकटाच गेलो होतो. काडीने आदल्या दिवशी 'सावकाश'चं गाणं भरून ठेवलं होतं, मला फक्त ऑर्गन घालायचा होता. मी सगळ्यांना सांगितलं ते असं, की मी डबा न वाचता रीळ चढवलं आणि घोटाळा झाला. इतक्या वेळा सांगितलं की मलाही पुष्कळ वर्षं तेच आठवायचं. पण कॅसेट हातात घेतल्यावर आठवलं ते वेगळंच. डबा मी वाचला होता. रीळ न गुंडाळता चढवलं ते खरं आळसाने. पण चालू केल्याबरोबर कानात काडी उलटा गायला लागला. उलटा, म्हणजे शब्द नाहीत, अर्थ नाही, नुसता आवाज. आणि तो आवाज तसाही चांगला होता. हे मला सहन झालं नाही. शब्द काढून घेतले, ओळ काढून घेतली, माणूस उताणा पाडला, तरी चांगला. आठ वर्षं शिकून माझ्या हातून जे कधी आलं नाही ते याच्या तोंडून उलट्या बाजूनेही येतं. यंत्रावरचा, ट्रॅकवर आवाज आहे का ते दाखवणारा चौथ्या ट्रॅकचा काटा हलत होता. मोकळ्या ट्रॅकचा काटा हलत नसतो हे मला ठाऊक होतं. मी काट्याकडे पाहिलं, लाल बटण दाबलं आणि वाजवायला लागलो. शेजारी सुताराची करवत चालू होती. मी असं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, त्यानंतरही नाही. बोटं परीक्षेतली राहिली नव्हती. शेवटी दमलो तेव्हा थांबलो, आणि मी थांबलो तिथे, सुलट बाजूने बघितलं तर, पायरी हा शब्द अर्धा झाला होता.

दुसऱ्या दिवशी काडीने ऐकलं. मी चूक झाली म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, असंच राहू दे. ढोल्या चिडला, पुन्हा गा म्हणाला. काडी नाही म्हणाला. तीन महिन्यांनी तो मेला.

आणि या सगळ्याचं श्रेय त्याला. माझं पापसुद्धा त्याच्या नावावर. या एका गोष्टीने मी किती वर्षं आतल्या आत कुढलोय हे कुणाला सांगण्यात अर्थ नाही. एखाद्या पोराने माझ्यासमोर त्या उलट्या ऑर्गनची तारीफ केली की माझ्या तोंडावर येतं, अरे तो मी. पण पुढचा प्रश्न काय येणार हे माहीत असतं, म्हणून गप्प बसतो. पुस्तिकेत लिहिलंय की ऑर्गन बहुधा काडीनेच वाजवला असावा, कारण बँडमधल्या ऑर्गनवाल्याची शैली फारच शिस्तीची होती. ढोल्याने हे मला फोनवर वाचून दाखवलं आणि खूप हसला. शिस्तीची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कॅसेट पाच दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. घरी ऐकायला यंत्र नव्हतं, पण दवाखान्यात आहे. आमच्या तपासणीच्या यंत्राला जुना कॅसेट प्लेअर जोडलेला असतो, पेशंटला शब्द ऐकवून ते ओळखायला लावण्यासाठी. सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाहेरचं दार लावलं, कॅसेट घातली आणि स्वतःच त्या खोलीत जाऊन पेशंटच्या खुर्चीवर बसलो. हेडफोन लावले. खोलीत इतकी शांतता असते की स्वतःचं रक्त ऐकू येतं. मग करवतीचा आवाज आला. सुताराची करवत, सव्वीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्या मागून काडी.

पहिला अर्धा मला पाठ होता. पायरीपाशी मी दचकलो, कारण शब्द तुटला नाही. पायरी ओली आहे असं पूर्ण म्हणून तो पुढे गेला. त्यानंतरचं मी आयुष्यात फक्त उलटं ऐकलं होतं. तो तीच ओळ म्हणत होता, पण आता समोरच्या कुणाला नव्हे, स्वतःलाच समजावल्यासारखी, जिना उतरणारा तोच असल्यासारखी. आणि मागे करवत लाकडात रुतली की तिचा सूर खाली घसरायचा, तर हाही तिच्याबरोबर खाली घसरायचा. पाव सूर, अर्धा सूर. मी कान टवकारून बसलो होतो. इथे चुकला, म्हटलं, इथे उतरला. पण तो उतरायचा आणि उतरलेल्या जागेवर घर करून राहायचा, आणि मग ती जागाच बरोबर वाटायची, बाकीचं गाणं चढं वाटायचं. शेवटी करवत थांबली. तो एकटाच राहिला, दोन ओळी तशाच म्हणाला, आणि हसला. लहानसं हसू, श्वासाएवढं. टेप संपली. मी हेडफोन काढले. मला रडू आलं असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण मला राग आला. चांगलं म्हणजे किती चांगलं असावं माणसाने. माझी दोन मिनिटं दहा सेकंद, माझं एवढं एकच खरं वाजवणं, या गाण्यापुढे काय उरणार होतं? हे बाहेर आलं की लोक दोन्ही ऐकणार, पुसलेलंही आणि ज्याने पुसलं तेही, आणि मग माझा ऑर्गन ही एक खुन्याची खूण होऊन राहणार.

बाहेर येऊन कॅसेट काढली आणि माझा अंगठा आपोआप तिच्या वरच्या कडेकडे गेला. कॅसेटवर कुणी चुकून भरू नये म्हणून तिथले प्लॅस्टिकचे दोन दात मोडून टाकतात. ते मोडलेले होते. काकूंनीच मोडले असणार. तिथे चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे मला माहीत आहे, आणि माझ्या टेबलावर चिकटपट्टी होती. मी ती लावली नाही. पण मी तिच्याकडे पाहिलं, हे लपवून काय उपयोग. आणि पुसायची गरजही नव्हती. एक शब्द पुरणार होता. काकू, खराब झालीय. जुन्या टेपा खराब होतातच, कुणी शंका घेणार नाही, त्यांना स्वतःला तर ऐकूच येत नाही. बायकोला मी त्या संध्याकाळी एवढंच सांगितलं, की काडीची आई आली होती आणि एक जुनी कॅसेट दिलीय, ऐकून सांग म्हणाली. बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, "मग, कशीय?" मी म्हणालो, अजून ऐकली नाही. तिने सुरी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि परत चिरायला लागली. वीस वर्षं बरोबर राहिलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही विचारावं लागत नाही.

आठव्या दिवशी काकू यंत्र बसवून घ्यायला आल्या. मी आधी यंत्राचं केलं. कानाच्या साच्यात बसवलं, तारेने संगणकाला जोडून त्यांच्या आलेखाप्रमाणे वरची पट्टी वाढवली, खालची तशीच ठेवली. मग टेबलापलीकडे बसून नेहमीच्या आवाजात विचारलं, ऐकू येतंय का. त्या हसल्या. म्हणाल्या, हे आता माझं वाक्य राहिलं नाही वाटतं. मी आवाज कमी करत गेलो, अगदी पुटपुटण्यापर्यंत, आणि त्या प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत गेल्या. खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी जिन्यात चपला ओढत चालत होतं, तेही त्यांनी ओळखलं. काम उत्तम झालं होतं. यात मी कुणाला हार जाणार नाही.

मग त्यांनी कॅसेटचं विचारलं. मी कॅसेट ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली आणि ठरवलेलं वाक्य म्हणालो. खराब झालीय काकू, टेप गेलीय, नीट काही लागत नाही. त्या बरं म्हणाल्या. अजिबात दुःखी झाल्या नाहीत, पदराने चष्मा पुसला, म्हणाल्या, मग कंपनीला नाही म्हणून कळवते. त्यांच्याकडे जे आहे ते पुरे. "ते उलटं वाजवलेलं तर आहेच की. सगळ्यात भारी तेच, असं सगळे म्हणतात. पोराने स्वतःचा आवाज पुसून काय वाजवलंय. मलाही तेच जास्त आवडायचं."

इथे माझा तोल गेला. माझ्यात चांगुलपणा जागा झाला असं कुणी समजू नये. 'पोराने' हा शब्द मला डाचला. सव्वीस वर्षं जे तोंडावर येऊन परत गिळलं होतं ते बाहेर पडलं. मी म्हणालो, तो मी वाजवला, काकू. मी. आणि एकदा सुटलो तसा थांबलोच नाही. रीळ, शेपटी, तीन वाजताची दुपार, हलणारा काटा, लाल बटण, सगळं सांगितलं. चूक नव्हती, मुद्दाम केलं, त्याचा आवाज चांगला होता म्हणून केलं. हे सांगताना मला हलकं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. पाप तर पाप, पण माझं. कुणीतरी एकाने तरी ते माझ्या नावावर लिहावं. मी बोलत होतो आणि वाट बघत होतो की त्या आता उठतील, काहीतरी बोलतील, थोबाडीत मारतील.

"हे मला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

काडीने ते ऐकलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. काडी घरी आला आणि म्हणाला, मास्तरने पुसलं, मुद्दाम पुसलं, बटण तो बघितल्याशिवाय दाबत नाही. काकूंनी विचारलं, मग तू भांडलास का. तो म्हणाला, नाही, त्याने पहिल्यांदा मनापासून वाजवलंय, ते जाऊ कसं देऊ. ही कॅसेट घरात होती, त्याला हवं तर गाणं पुन्हा भरता आलं असतं. काकूही तेच म्हणाल्या होत्या. त्याने कॅसेट लावून पुन्हापुन्हा ऐकली आणि मग आईला देऊन टाकली, मला नको म्हणाला. इथवर काकू सरळ सांगत होत्या, ट्रंक कॉल जोडून दिल्यासारखं. मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मला म्हणाला, आई, मास्तरला माझं गाणं आवडलं नसेल का गं? नाहीतर पुसलं कशाला असतं? त्याला सुरातलं सगळं कळतं. म्हणून मी ते पुन्हा म्हटलं नाही, असं म्हणाला. पुढेही एकदा विचारलं त्याने. दवाखान्यात होता तेव्हा. मी काय सांगणार, मला गाण्यातलं काय कळतं. तर मी तुला पुसलंस का ते विचारायला आले नव्हते, मास्तर. गाणं कसं होतं ते विचारायला आले होते."

मी एकोणीस महिन्यांत काडीला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं, त्या खुर्चीत बसून. अमुक ठिकाणी उतरलास, तमुक ठिकाणी घाई केलीस, हे रोज सांगायचो, आणि तो मान हलवून ऐकून घ्यायचा. मला वाटायचं त्याला माहीतच असणार. इतकं चांगलं गाणाऱ्या माणसाला ते कुणी सांगावं लागतं का? त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकायची सवय नव्हती, पण माझं तो ऐकायचा. पाप कबूल करायला मला दोन मिनिटं लागली होती. हे एवढंसं मात्र तोंडातून निघेना. काकू थांबल्या होत्या. बाहेर बाकावर तीन पेशंट बसले होते, दार उघडं होतं.

मी म्हणालो, "चांगलं होतं."

काकूंनी हात कानामागे नेला. "काय?"

"चांगलं होतं, काकू. फार चांगलं होतं. माझ्या कानांनी त्याच्यासारखं दुसरं ऐकलं नाही."

"ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या.

त्यांच्या दोन्ही कानांतलं यंत्र मीच थोड्या वेळापूर्वी लावलं होतं. आलेख समोर पडला होता. टेबलापलीकडून कुजबुजलेलंही त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेरच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.